बराकीतली मारामारी येते कुठून?

तळोजा मध्यवर्ती कारागृह तळोज्यात नाही, खारघरमध्ये आहे. इथल्या बिल्डरांना हे पक्कं ठाऊक असतं. त्यांच्या ब्रोशरमध्ये गोल्फ कोर्स असतो, सेंट्रल पार्क असतं, पांडवकडासुद्धा असतो. जेलचा तेवढा उल्लेख नसतो. ठाण्याची गोष्ट उलटी. तिथलं मध्यवर्ती कारागृह शहराच्या पोटातच आहे, पोर्तुगीजांनी बांधायला घेतलेल्या आणि पुढे मराठ्यांनी जिंकलेल्या किल्ल्यात. अनंत कान्हेरे, कृष्णाजी कर्वे आणि विनायक देशपांडे यांना 19 एप्रिल 1910 रोजी इथेच फाशी दिलं. त्या भिंतीवरून रोज रिक्षा जातात आणि आत काय चाललंय याचा विचार आपण फक्त पेपरात 'कैद्यांमध्ये हाणामारी' असं आलं की करतो.

तो विचारही दोनच वाक्यांचा असतो. एक : "गुंडच ते, आत जाऊन काय भजनं म्हणणार?" दुसरं : "तिथे देवमाणूस टाकला तरी त्याचं जनावर होईल." गंमत अशी की मानसशास्त्रात आणि गुन्हेशास्त्रात हाच वाद साठ-सत्तर वर्षं चालू आहे, फक्त जरा बऱ्या शब्दांत. मी कॉलेजात मानसशास्त्र शिकवते. मुलांना दुसरं वाक्य आवडतं, त्यांच्या पालकांना पहिलं. मला दोन्ही अपुरी वाटतात, आणि आपल्याकडच्या जेलांना लावायची म्हटलं तर जास्तच अपुरी.

आधी एक फरक ध्यानात घेऊ. नळाचं पाणी जायच्या बेतात असताना कोणी बादली सरकवली म्हणून उचललेला हात वेगळा, आणि चार दिवस दबा धरून, वॉर्डर कुठे आहे ते बघून केलेला वार वेगळा. पहिला रागाच्या भरात होतो, दुसरा हिशेबाने. पहिल्यात माणसाला काही मिळवायचं नसतं. दुसऱ्यात वचक मिळवायचा असतो, उधारी वसूल करायची असते किंवा बाहेरच्या कोणाचा निरोप पोचवायचा असतो. दोन्हींची कारणं वेगळी, त्यामुळे उपायही वेगळे. तिसरा प्रकार पुस्तकांत बहुतेक वेळा तळटीपेत जातो : गणवेशातल्या माणसाने केलेली मारहाण. त्याच्याकडे पुढे येऊ.

'गुंडच ते' या म्हणण्याला शास्त्रात आयात सिद्धांत म्हणतात. जॉन आयर्विन आणि डोनाल्ड क्रेसी या अमेरिकन समाजशास्त्रज्ञांनी तो 1962 मध्ये मांडला. त्यांचं म्हणणं असं की तुरुंगात दिसणारे रीतिरिवाज, मानपान, बदला घेण्याचे नियम हे तुरुंगात जन्मत नाहीत. माणूस ते गल्लीतून, टोळीतून, आधीच्या शिक्षांमधून बरोबर घेऊन येतो. झडतीत खिसे रिकामे होतात, सवयी तशाच राहतात. आयर्विनच्या बोलण्याला वजन होतं, कारण सशस्त्र दरोड्याबद्दल त्याने स्वतः कॅलिफोर्नियातल्या सोलेदाद तुरुंगात पाच वर्षं काढली होती. सुटल्यावर शिकला आणि सॅन फ्रान्सिस्कोत प्राध्यापक झाला.

आपल्याकडे या सिद्धांताला उदाहरणं कमी नाहीत. अबू सालेमवर जुलै 2010 मध्ये आर्थर रोड जेलमध्ये धार लावलेल्या चमच्याने वार झाला. त्याला तळोज्याला हलवलं, तर जून 2013 मध्ये तिथे त्याच्यावर गोळी झाडली गेली. जेलच्या आत पिस्तूल. इथे बराकीची अवस्था, जेवण, पाणी यांनी काही स्पष्ट होत नाही. बाहेरचं वैर भिंत ओलांडून आत आलं, एवढंच. जेल प्रशासन वेगवेगळ्या टोळ्यांची माणसं वेगवेगळ्या बराकींत ठेवतं, ते हा सिद्धांत न वाचताही त्याच्यावरच चालतं.

याच्या बाजूने एक प्रयोग नेहमी पुढे केला जातो. कॅलिफोर्नियात सारख्याच धोक्याच्या मानल्या गेलेल्या 561 पुरुष कैद्यांपैकी काहींना कमी बंदोबस्ताच्या तुरुंगात आणि काहींना बऱ्याच कडक तुरुंगात, अक्षरशः चिठ्ठ्या टाकाव्यात तसं, पाठवलं गेलं. कॅम्प आणि गेस या संशोधकांनी 2005 मध्ये निकाल छापला : दोन वर्षांत सौम्य तुरुंगातल्या 33 टक्के आणि कडक तुरुंगातल्या 36 टक्के कैद्यांनी हिंसक गैरवर्तन केलं. म्हणजे जागा बदलून फरक जवळजवळ शून्य. मग दोष माणसातच? एवढी घाई नको. दोन्ही ठिकाणं शेवटी जेलच होती, एकाच राज्याची, एकाच खात्याची. बंदोबस्त कमी-जास्त केला तर काय होतं ते यातून कळतं. कोंडण्यानेच काय होतं, ते कळत नाही.

आयात सिद्धांताची खरी अडचण वेगळी आहे. कोण भांडण्याची शक्यता जास्त हे तो बऱ्यापैकी सांगतो : वयाने लहान, आधी हिंसेच्या गुन्ह्यात आलेला, टोळीशी जोडलेला. कधी भांडेल, हे मात्र सांगत नाही. तोच माणूस, तीच पार्श्वभूमी, महिनोन्महिने शांत असतो आणि एका मंगळवारी कोणाचं तरी डोकं फोडतो. त्या मंगळवारी काय घडलं?

इथे दुसरी बाजू पुढे येते. ग्रेशॅम साइक्स या समाजशास्त्रज्ञाने न्यू जर्सीतल्या ट्रेंटनच्या कडक तुरुंगाचा अभ्यास करून 1958 मध्ये लिहिलं की शिक्षा म्हणून फक्त मोकळीक काढून घेतो असं आपण म्हणतो, प्रत्यक्षात पाच गोष्टी जातात. मोकळीक जाते. वस्तू आणि सोयी जातात. स्त्री-पुरुष सहवास जातो. स्वतःचे बारीकसारीक निर्णय घेण्याचा हक्क जातो. आणि सुरक्षितता जाते, कारण ज्यांच्यापासून समाजाला वाचवायचं त्यांच्याच शेजारी याला झोपवलेलं असतं. या पाचांतून साचलेला कोंडमारा माणसाला आक्रमक करतो, हा वंचना सिद्धांत. याला मागून आधार होता तो येल विद्यापीठात 1939 मध्ये मांडलेल्या एका जुन्या सूत्राचा : इच्छेच्या वाटेत अडथळा आला की वैफल्य येतं आणि वैफल्यातून आक्रमकता. ते सूत्र जसंच्या तसं आता कोणी मानत नाही, वैफल्यातून रडू येतं, झोप येते, भक्तीसुद्धा येते. पण ठिणगीचं एक कारण म्हणून ते अजून टिकून आहे.

पाचांपैकी मोकळीक जाते हे सगळ्यांना दिसतं. मला वाटतं जास्त चावते ती दुसरी आणि चौथी. सूर्य मावळायच्या सुमारास गिनती होऊन बराक बंद झाली की दिवा कधी मालवायचा, पंख्याखाली कोण, संडासाच्या दाराशी कोणाचं अंथरूण, टीव्हीवर कोणतं चॅनल, यातलं काहीही एकट्याच्या हातात नसतं. चाळीस वर्षांचा, दोन पोरांचा बाप असलेला माणूस पाणी प्यायला उठायचं तरी दहा पाय ओलांडतो आणि दोघांचं ऐकून घेतो. बाहेर ज्या गोष्टींना आपण गोष्टी म्हणणार नाही, त्या आत मालमत्ता होतात : साबणाची वडी, प्लास्टिकचा डबा, भिंतीकडची जागा.

तळोज्यातलंच एक उदाहरण न्यायालयापर्यंत गेलं होतं. भीमा-कोरेगाव प्रकरणात कच्चे कैदी, म्हणजे खटल्याचा निकाल लागायच्या आधीच आत, असलेल्या गौतम नवलखा यांचा चष्मा आत असताना नाहीसा झाला. घरच्यांनी टपालाने नवा पाठवला तो जेलने घेतला नाही, अशी तक्रार झाली. डिसेंबर 2020 मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने त्याची दखल घेऊन माणुसकीची आठवण करून दिली आणि जेल अधिकाऱ्यांसाठी कार्यशाळा घ्या असं सुचवलं. यात मारामारी कुठेच नाही. पण ज्याला मुंबईत उभे राहणारे वकील नाहीत, ज्याच्या चष्म्याची बातमी होणार नाही, त्याच्याकडे हाच राग बाहेर काढायची वाट कोणती, हा प्रश्न उरतो.

दुसरं उदाहरण जास्त कडू आहे. जून 2017, भायखळ्याचं महिला कारागृह. शिक्षा भोगणाऱ्या, वॉर्डरचं काम सोपवलेल्या एका बाईने सकाळच्या वाटपात दोन अंडी आणि पाच पाव कमी असल्याचं सांगितलं. त्यावरून कर्मचाऱ्यांनी तिला मारहाण केली आणि त्यात ती दगावली, असा आरोप झाला. सहा कर्मचाऱ्यांना खुनाच्या गुन्ह्यात अटक झाली. दुसऱ्या दिवशी आतल्या बायकांनी दंगा केला, काही छतावर चढल्या. बातम्यांत दंगा ठळक आला. पण घटनांचा क्रम बघा. आधी हिशेबाचा वाद, मग गणवेशातल्यांकडून हिंसा झाल्याचा आरोप, मग दंगा. 'कैदी आक्रमक का होतात' असा प्रश्न विचारला की पहिल्या दोन पायऱ्या प्रश्नातच गळून जातात.

आता गर्दी. वंचना सिद्धांताच्या बाजूने हा सगळ्यात सोपा मुद्दा वाटतो, आणि तिथेच तो सगळ्यात जास्त अडखळतो. ठाणे कारागृहाची मंजूर क्षमता 1,105 आहे आणि तिथे त्याच्या कित्येक पट माणसं असल्याच्या बातम्या येत राहतात. तळोज्याची क्षमता 2,124, तेही भरून वाहतं. देशाचा आकडा 2022 अखेरचा : 4,36,266 जागा आणि 5,73,220 कैदी. तेव्हा गर्दी म्हणजे हिंसा, हे गणित सुटल्यासारखं वाटतं. पण अमेरिकेतल्या 371 तुरुंगांची आकडेवारी तपासणाऱ्या 1995 च्या एका अभ्यासात गर्दी आणि हल्ले यांचं नातं अगदीच कच्चं निघालं. कारभार ढिसाळ तिथे हिंसा जास्त, आणि काम-शिक्षणात गुंतलेले कैदी जास्त तिथे हिंसा कमी, असं चित्र मिळालं.

ठाणेकराला यात आश्चर्य वाटायचं कारण नाही. गर्दीच्या वेळच्या लोकलमध्ये एका चौरस मीटरवर 14 ते 16 माणसं असतात, रेल्वेनेच त्याला 'सुपर डेन्स क्रश लोड' असं नाव दिलंय. एवढ्या दाटीत कुठल्याही बराकीपेक्षा जास्त मुडदे पडायला हवेत. पडत नाहीत, कारण तिथे न लिहिलेले नियम आहेत : चौथी सीट कोणाची, कुर्ल्याला उतरणारा कुठे उभा राहतो, बॅग कुठे टांगायची. भांडण होतं ते बहुतेक नियम मोडणाऱ्याशी, आणि तेही दादरला संपतं. दादरला उतरता येतं. जेलमधली गर्दी माणसाला चिडवते ती दाटीमुळे कमी, न उतरता येण्यामुळे आणि नियम कोणाच्या बाजूचे हे न कळण्यामुळे जास्त. अंथरुणाची जागा जर ठरलेल्या क्रमाने मिळत असेल तर अरुंद जागेतही माणूस तग धरतो. ती जागा पैशावर किंवा दांडगाईवर मिळत असेल तर हॉलएवढी बराकही पुरत नाही.

उकाड्याचं तसं नाही. त्याचा परिणाम थेट सापडतो. अमेरिकेतल्या मिसिसिपी राज्यात, वातानुकूलन नसलेल्या तुरुंगांच्या नोंदींवरून दोन अर्थशास्त्रज्ञांनी 2021 मध्ये दाखवलं की दिवसाचं सरासरी तापमान 80 अंश फॅरनहाइटच्या वर गेलं की हिंसक प्रसंग सुमारे 20 टक्क्यांनी वाढतात. 80 फॅरनहाइट म्हणजे आपले 27 अंश सेल्सिअस. ठाण्यात त्याला आपण बरी हवा म्हणतो! सवयीमुळे तो उंबरठा आपल्याकडे वर सरकलेला असणार, पण मे महिन्यात पत्रे तापल्यावर बराकीत कोणाचं डोकं ठिकाणावर राहील अशी अपेक्षा धरणं कठीण. इंग्लंडमध्ये आहाराचाही प्रयोग झाला. 231 तरुण कैद्यांपैकी निम्म्यांना जीवनसत्त्वं, क्षार आणि मेदाम्लांच्या गोळ्या, निम्म्यांना तशाच दिसणाऱ्या पोकळ गोळ्या. 2002 च्या निकालात खऱ्या गोळ्यावाल्यांचे शिस्तभंगाचे गुन्हे 26.3 टक्क्यांनी कमी निघाले. डाळ पातळ असण्याचा आणि दंग्याचा संबंध फक्त चवीचा नसावा.

स्टॅनफर्डचा प्रयोग टाळून हा विषय पुढे जाऊ शकत नाही, म्हणून तो उरकून घेते. ऑगस्ट 1971, स्टॅनफर्ड विद्यापीठाचं तळघर. फिलिप झिंबार्डो या मानसशास्त्रज्ञाने दिवसाला 15 डॉलर देऊन 24 धडधाकट तरुण निवडले, काहींना रखवालदार केलं, काहींना कैदी. दोन आठवडे चालायचा खेळ सहा दिवसांत बंद करावा लागला, कारण रखवालदार छळ करायला लागले. 'देवमाणसाचंही जनावर होतं' याचा हा पुरावा म्हणून जगभर शिकवला जातो. मीही बरीच वर्षं शिकवते, पण आता पुढची गोष्टही सांगते. जाहिरातीत 'तुरुंगातलं जीवन' असे शब्द होते, आणि 2007 मध्ये काहींनी तशीच जाहिरात ते शब्द घालून आणि गाळून दिली तेव्हा ते शब्द वाचून येणारी मुलं मुळातच जास्त आक्रमक आणि कमी सहानुभूतीची निघाली. रखवालदारांना कडक वागायला सुचवलं जात होतं, याच्या ध्वनिफिती आहेत. सगळ्यात क्रूर रखवालदाराने पुढे सांगितलं की तो ठरवून नाटक करत होता. ब्रिटनमध्ये रायखर आणि हॅस्लम यांनी 15 पुरुषांना घेऊन असाच प्रयोग केला, तो 2002 मध्ये बीबीसीवर दाखवला गेला. तिथे उलटंच झालं : रखवालदारांना आपली भूमिकाच पटेना, कैदी एक झाले आणि त्यांनी व्यवस्था उलथवली. गणवेश घातला की हात आपोआप उठतो, हे यातून सिद्ध होत नाही. वरून कोण काय चालवून घेतं, यावर बरंच ठरतं.

आता माझा मुद्दा. साइक्स, आयर्विन, कॅम्प-गेस, या सगळ्यांचे कैदी शिक्षा झालेले होते. त्यांना आपली सुटकेची तारीख माहीत होती किंवा अंदाज तरी होता. आपल्याकडे 2022 अखेर 5,73,220 पैकी 4,34,302 कैदी कच्चे होते, म्हणजे दर चारात तीन. ठाणे, तळोजा ही तर मुख्यतः कच्च्या कैद्यांचीच जेलं. साइक्सच्या यादीत सहावी गोष्ट घालायला हवी, आणि ती आपल्या जेलांत पहिल्या क्रमांकाची ठरावी : कधी सुटणार हे माहीत असणं.

ठाणे जेलबाहेर मुलाकातीसाठी थांबलेल्या एका मावशींशी एकदा बोलणं झालं. हातात कपड्यांची पिशवी, पदराला बांधलेलं आधार कार्ड. मुलगा तीन वर्षांच्या वर आत. मी विचारलं, मावशी, कसा आहे तो? म्हणाल्या, "तारखेच्या आधी दोन दिवस गुणाचा असतो गं. हसतो, बोलतो. तारीख पडली की मग आठवडाभर त्याच्या वाटेला कोणी जाऊ नये." तारीख का पडते, याचीही त्यांच्याकडे जंत्री होती. पोलिसांचा एस्कॉर्ट मिळाला नाही, साक्षीदार आला नाही, साहेब रजेवर, व्हीसीला, म्हणजे व्हिडिओवरच्या सुनावणीला, आवाज येत नव्हता.

या बाईंनी जे सांगितलं त्याच्या जवळ जाणारा एक प्रयोग लंडनमध्ये झालाय, जेलशी काही संबंध नसताना. 45 जणांना संगणकावर दगड दाखवत आणि खाली साप आहे का ओळखायला सांगत. साप निघाला की हाताला विजेचा झटका. साप कधी जवळजवळ नक्की असे, कधी जवळजवळ नक्की नसे, कधी अर्धी-अर्धी शक्यता. घाम आणि बाहुल्यांचा आकार मोजून ताण बघितला. 2016 मध्ये छापलेल्या निकालात, झटका बसणार हे शंभर टक्के माहीत असताना जेवढा ताण होता, त्यापेक्षा अर्ध्या-अर्ध्या शक्यतेच्या वेळी तो जास्त निघाला. वाईट गोष्ट नक्की असण्यापेक्षा ती 'कदाचित' असणं शरीराला जड जातं. दर चौदा दिवसांनी येणारी तारीख हे असंच 'कदाचित' आहे, आणि ते वर्षानुवर्षं चालतं. शिक्षा लागली की माणूस शांत होतो, असं फौजदारी वकील सांगतात ते ऐकायला विचित्र वाटतं, पण त्यात तथ्य असावं.

ताणलेल्या डोक्याचा आणखी एक गुण आहे. समोरच्याच्या वागण्याचा अर्थ दोन्ही बाजूंनी लागत असेल तर ते वाईट बाजू धरतं. केनेथ डॉज या मानसशास्त्रज्ञाने मुलांवर, आणि पुढे गुन्ह्यांत सापडलेल्या मुलांवर, हे बारकाईने तपासलं : धक्का चुकून लागला की मुद्दाम, हे कळत नसलं तर आक्रमक मुलं 'मुद्दाम' धरून चालतात. बराकीत धक्का लागणं तर दिवसातून पन्नास वेळा होतं. ज्याची तारीख आज पडली त्याला त्यातला एक मुद्दाम वाटतो. त्या मंगळवारचं उत्तर बहुधा इथे आहे.

कच्च्या कैद्यांच्या जेलची आणखी दोन लक्षणं आहेत. सक्तमजुरीची शिक्षा झालेल्याला काम असतं, सुतारकाम, शिवणकाम, शेती. कच्च्याला काम करायला लावता येत नाही, त्यामुळे दिवस रिकामा. आणि माणसं सारखी बदलतात. डेव्हिड स्कारबेक या अर्थशास्त्रज्ञाने तुरुंगातल्या टोळ्यांचा अभ्यास करून म्हटलंय की कैदी थोडे आणि ओळखीचे असले तर अब्रूवर व्यवहार चालतात. ते फार झाले, अनोळखी झाले, आणि प्रशासन पुरं पडेना की संरक्षण, उधारी, भांडणांचा निवाडा यांसाठी टोळीची गरज लागते. म्हणजे टोळी बाहेरून येते हे अर्धं खरं. जेलच तिला आत नोकरी देतं.

कारभार बदलला तर माणूस बदलतो का, याचं मला सगळ्यात बोलकं वाटणारं उदाहरण ग्लासगोचं आहे. जिमी बॉइल हा स्कॉटलंडमधला अतिशय हिंसक कैदी मानला जायचा. 1967 मध्ये खुनाबद्दल जन्मठेप, त्यानंतर रखवालदारांवर हल्ले, दंगे. त्याला इन्व्हरनेसच्या तुरुंगात कोठडीच्या आत पिंजऱ्यात ठेवलं होतं. जितकी शिक्षा वाढे तितका तो हल्ला करे. 1973 मध्ये बार्लिनी तुरुंगात एक छोटा विशेष विभाग उघडला आणि बॉइलसारखे मोजके, कुठेच न आवरणारे कैदी तिथे आणले. स्वतःचे कपडे, भेटींना सूट, रंग, माती, छिन्नी-हातोडा. तंटा झाला की कैदी आणि रखवालदार एकत्र बसत आणि ज्याने तंटा केला त्याला सगळ्यांसमोर जाब द्यावा लागे. हातात खरी हत्यारं असूनही हल्ले जवळजवळ थांबले. बॉइल शिल्पकार झाला. तोच माणूस, तोच भूतकाळ. आयात सिद्धांताला हे पचायला जड जातं. 'सुविधा द्या की झालं' म्हणणाऱ्यांनाही ते सोपं नाही, कारण तिथे सुविधांबरोबर जाबही होता. तो विभाग 1994 मध्ये बंद झाला. कैद्यांचे लाड चाललेत ही ओरड पहिल्या दिवसापासून होती.

महाराष्ट्राकडे याहून जुनी गोष्ट आहे. औंध संस्थानाने 1939 मध्ये आटपाडीजवळ स्वतंत्रपूर वसवलं, भिंत नसलेली कैद्यांची वसाहत, जिथे ते शेती करतात आणि कुटुंबासह राहू शकतात. मॉरिस फ्रीडमन या पोलिश इंजिनिअरची ती कल्पना. पण स्वतंत्रपूरचा दाखला देऊन 'बघा, मोकळं सोडलं की माणूस सुधारतो' असं म्हणणाऱ्यांना मी थांबवते. खुल्या कारागृहात चांगल्या वर्तणुकीचे कैदी निवडूनच पाठवतात. तिथे मारामाऱ्या कमी असणारच, त्यातून जागेचा गुण सिद्ध होत नाही. बार्लिनीने उलटी निवड केली होती, म्हणून तिचा पुरावा जास्त वजनाचा.

मग इथे, ठाण्यात आणि खारघरमध्ये, काय करता येईल? समुपदेशन हे उत्तर लगेच सुचतं. 2022 अखेर देशभरच्या तुरुंगांत मिळून मानसशास्त्रज्ञ आणि मानसोपचारतज्ज्ञ होते 25. जवळपास तेवीस हजार कैद्यांमागे एक. तो एक जण कोणाचा राग उतरवणार? रखवालदारांची भरती, त्यांच्या सुट्ट्या आणि बदल्या यांचा हिंसेवर त्याहून जास्त परिणाम होईल, असं वरच्या अभ्यासांवरून वाटतं. अंथरुणाची जागा, फोनची पाळी, कँटीनची यादी भिंतीवर लावली आणि ती पाळली, तर पैसे न घालता बरंच साधेल.

आणि मानसशास्त्राच्या बाहेरचा एक उपाय आहे. 1 जुलै 2024 पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 479 प्रमाणे, कच्च्या कैद्याने त्या गुन्ह्याच्या कमाल शिक्षेची निम्मी मुदत आत काढली, किंवा पहिलाच गुन्हा असेल तर एक तृतीयांश काढली, की जेल अधीक्षकाने स्वतःहून न्यायालयाकडे लेखी अर्ज करायचा आहे. ही तारीख मोजता येते. कैद्याला आत आल्याच्या दिवशी कागदावर लिहून देता येते, आणि 'कदाचित'च्या जागी एक आकडा येतो. फाशी किंवा जन्मठेपेच्या गुन्ह्यांना ते लागू नाही, आणि ज्याच्यावर एकापेक्षा जास्त खटले चालू आहेत त्यालाही नाही. म्हणजे या कलमाने पहिलटकर, साधे कैदी निघून गेले की बराकीत मागे राहणार ते नेमके आयात सिद्धांताने बोट दाखवलेले, आणि त्यांची तारीख पूर्वीइतकीच अधांतरी. पुढच्या काही वर्षांत ठाणे-तळोज्याची गर्दी कमी होऊनही मारामाऱ्या वाढल्याच्या बातम्या आल्या, तर त्या याच हिशेबाने वाचाव्या लागतील.